बिल्ड टूल कसे निवडावे? एक कार्यकारणविचार



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, तुम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. आता हे संगणकाचं काय काढलंत?" आम्ही त्यांना सांगितलं की आम्ही विषय बदललेला नाही. कार्य आणि कारण, हाच विषय आहे. फक्त उदाहरण घटाचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका फजितीमुळे. तिथूनच सुरुवात करू.

निवृत्तीनंतर आम्ही न्यायदर्शनाच्या परिभाषेवर एक लहान पुस्तिका लिहिली. एका विद्यार्थ्याने ती संगणकावर लावून दिली. मजकूर साध्या फाइलींत टंकलेला. तो पॅनडॉक नावाच्या प्रोग्रॅममधून लाटेकच्या रूपात न्यायचा, आणि मग झीलाटेक चालवून छपाईची पीडीएफ काढायची. जाता जाता सांगतो, हा पॅनडॉक जॉन मॅकफार्लेन यांनी लिहिला, आणि ते बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. तेव्हा आमच्या जातभाईंना हा विषय अगदीच परका नाही!

तर झालं काय, व्यतिरेकव्याप्तीच्या व्याख्येत एक 'नाही' गळला होता. "जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही" असं हवं, आणि छापलं जाणार होतं "जिथे अग्नी नाही तिथे धूर". म्हणजे सगळं उलटंच. आम्हाला ती चूक वेळेवर दिसली. मजकुराच्या फाइलीत दुरुस्त केली, झीलाटेक चालवलं, नवी पीडीएफ निघाली, ती छापखान्यात पाठवली. तीनशे प्रती छापून आल्या. उघडून बघतो तर 'नाही' अजून गायबच!

असं का झालं? आम्ही पहिली फाइल दुरुस्त केली आणि शेवटची पायरी चालवली. मधली पायरी, पॅनडॉकची, राहून गेली. झीलाटेकने इमानदारीत जुनाच मजकूर पुन्हा लावून दिला. मग तीनशे प्रतींत शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या डिंकाने डकवत बसलो. घरातल्या सगळ्यांनी हातभार लावला. दोष ना छापखान्याचा, ना विद्यार्थ्याचा. दोष आमचाच, कारण कशातून काय होतं याची साखळी आम्ही कुठे लिहूनच ठेवली नव्हती. ती त्या विद्यार्थ्याच्या डोक्यात होती, आणि विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला गेलेला.

ही फजिती जुनीच आहे

पुढे आम्हाला कळलं की हीच गोष्ट अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये पन्नास वर्षांपूर्वी घडून गेली आहे. स्टीव्ह जॉन्सन नावाचे एक नामांकित प्रोग्रॅमर. त्यांनी एक सकाळ एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवली. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. म्हणजे बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये ते सकाळभर चूक शोधत होते. चिडून ते स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. त्यातून 1976 साली फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं साधन लिहिलं. 2003 साली एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेने त्याबद्दल त्यांना सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला. मेक आजही जगभर वापरतात.

बिल्ड टूल म्हणजे काय, ते या गोष्टीतच आलं. माणसाने लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स, आणि वापरणाऱ्याच्या हातात पडणारी वस्तू, मग तो प्रोग्रॅम असो, मोबाइलचं अ‍ॅप असो की पुस्तक, यांच्यामध्ये अनेक पायऱ्या असतात. कोणती पायरी कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवायचं. मग काही बदललं की नेमक्या कोणत्या पायऱ्या पुन्हा करायच्या, कोणत्या क्रमाने करायच्या, हे ते साधन ठरवतं.

कारंजा, मानोरा, मंगरूळपीरकडच्या श्रोत्यांना आम्ही कापसाचं उदाहरण देऊ. कापूस जिनिंगमध्ये जातो. तिथे रुई वेगळी, सरकी वेगळी. रुई प्रेसिंगला जाते, तिच्या 170 किलोच्या गाठी होतात. सरकी तेलाच्या गिरणीत जाते, तिचं तेल निघतं आणि ढेप निघते. आता बघा. जिनिंग झाल्याशिवाय गाठ बांधता येत नाही. हा क्रम झाला. पण एकीकडे गाठी बांधल्या जात असताना दुसरीकडे सरकी गाळता येते, कारण त्या दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. आणि तेलाच्या गाळणीत काही बिघडलं तर कापूस पुन्हा जिनिंगला न्यायची गरज नाही. फक्त तेल पुन्हा गाळायचं. क्रम ओळखणं, एकाच वेळी होण्यासारखी कामं एकाच वेळी करणं, आणि जे बदललं नाही ते पुन्हा न करणं. बिल्ड टूलचं काम एवढंच. साधनांची नावं कितीही असोत, ही तीन कामं ते कसं करतं एवढंच तपासायचं असतं.

गाढव आणि काठी

आता आमच्या घरच्या शास्त्राकडे येऊ. नैयायिक कारणाची व्याख्या करताना म्हणतात, कार्याच्या आधी जे नियमाने असतं ते कारण. पण लगेच एक अट घालतात. ते 'अन्यथासिद्ध' नसावं. उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. गाढवाने माती वाहून आणली, घट होण्याआधी ते तिथे होतं, म्हणून ते घटाचं कारण ठरत नाही. गाढवाशिवायही माती आणता आली असती. माती, चाक, काठी, कुंभार ही खरी कारणं. गाढव फक्त आधी हजर होतं.

बिल्ड फाइल लिहिणाऱ्याने ही अट भिंतीवर लावून ठेवावी. अवलंबित्वाची यादी लिहिताना दोन चुका होतात. एक, गाढवाला कारण मानायचं. म्हणजे ज्याचा संबंध नाही तेही यादीत घालायचं. मग उगीचच सगळं पुन्हा पुन्हा बांधलं जातं आणि दहा सेकंदांच्या कामाला दहा मिनिटं लागतात. दुसरी चूक जास्त वाईट. खरं कारण यादीतून सुटतं. मग ते बदललं तरी काही पुन्हा बांधलं जात नाही, आणि आमच्यासारखा 'नाही' छापायचा राहून जातो.

नैयायिकांचा आणखी एक भेद इथे उपयोगी पडतो. वस्त्राचं समवायी कारण तंतू. तंतूंचा एकमेकांशी संयोग हे असमवायी कारण. आणि विणकर, धोटा वगैरे निमित्त कारणं. सॉफ्टवेअरमध्ये सोर्स फाइली या तंतूंसारख्या. कंपाइलर, त्याची आवृत्ती, संगणकावरच्या इतर सोयी ही निमित्त कारणं. मेकमध्ये आपण साधारणपणे तंतूंची यादी देतो, विणकराची देत नाही. उद्या कंपाइलर बदलला तर मेकला ते कळत नाही. "माझ्या मशीनवर तर चालतं!" हे वाक्य तरुण मंडळींच्या तोंडी नेहमी असतं. त्याचा अर्थ एवढाच की निमित्त कारणं मोजायची राहिली आहेत.

आणखी एक गोष्ट. मेक फक्त वेळ बघतं. कारणाची फाइल कार्याच्या फाइलीपेक्षा नवी असेल तर पुन्हा बांधायचं, नाहीतर सोडून द्यायचं. यात धोका कसला? आमच्याकडच्या एका जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपली होती. लाइट गेली की त्याचं घड्याळ काही वर्षं मागे जायचं. त्यावर आज दुरुस्त केलेली फाइल मेकच्या लेखी जुनी ठरायची. आधी असणं आणि कारण असणं यांत फरक आहे, हे नैयायिक सांगून गेले. मेकच्या कर्त्यांनाही तो माहीत होता, पण 1976 च्या संगणकावर वेळ तपासणं स्वस्त होतं. गूगलने 2015 साली खुलं केलेलं 'बेझल' हे साधन वेळेऐवजी फाइलीतल्या मजकुराचा ठसा घेतं. मजकूर बदलला तरच पुन्हा बांधतं. शिवाय जे कारण जाहीर केलेलं नाही ते बांधणीच्या वेळी शक्यतो हाताशीच येऊ नये, अशी व्यवस्था करतं. फायदा मोठा आहे, पण किंमतही आहे. प्रत्येक कारण नीट लिहावं लागतं. हजारो माणसं एका कोठारात काम करत असतील तर ते परवडतं. तीन जणांच्या प्रकल्पात ती शिस्तच काम होऊन बसते.

मेकनंतर काय झालं

मेकमध्ये एक खोड आहे. आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच करावी लागते. टॅबऐवजी रिकाम्या जागा दिल्या की ते रुसतं, आणि डोळ्यांना तर फरक दिसत नाही. फेल्डमन यांना हे लवकरच खटकलं होतं, पण तोवर डझनभर माणसं, बहुतेक मित्रच, मेक वापरू लागली होती. त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. डझनभर मित्रांची सोय बघितली आणि पुढच्या लाखोंना त्रास झाला! साधन निवडताना हेही ध्यानात ठेवावं. आज हौसेने केलेली निवड उद्या दुसऱ्यांच्या गळ्यात पडते.

2000 सालच्या सुमारास जावा भाषेच्या लोकांनी 'अँट' आणलं. त्यात टॅबची कटकट नव्हती, पण प्रत्येक पायरी एक्सएमएलमध्ये विस्ताराने लिहावी लागे. मग 2004 मध्ये 'मेवन'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. मेवनचं म्हणणं असं, की सगळ्यांनी फाइली ठरावीक जागी ठेवल्या तर लिहायचं कारणच काय? रीत पाळा, लिहिणं वाचेल. शिवाय लागणारी लायब्ररी मेवन स्वतः इंटरनेटवरून आणू लागलं. त्यानंतर 'ग्रेडल' आलं. रीतही आहे आणि रीत मोडायची मुभाही आहे. 2013 साली गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला तेव्हा बांधणीसाठी ग्रेडलच घेतलं. सी आणि सी++ च्या जगात 'सीमेक' आहे. ते स्वतः बांधत नाही, तुमच्या संगणकाला साजेशी मेकसारखी फाइल तयार करून देतं.

लायब्ररी इंटरनेटवरून येऊ लागल्या आणि सोय झाली, पण एक नवं अवलंबित्व आलं. 22 मार्च 2016 ची गोष्ट सांगतो. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून एका लेखकाने नावाच्या वादातून आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचं अवघ्या 11 ओळींचं एक पॅकेज होतं. ओळीच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा भरणं, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर कोण कोण टेकलं होतं याची कुणाला कल्पना नव्हती. जगभरचे असंख्य प्रकल्प काही तास बांधताच येईनात. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये अँड्रॉइडवाल्यांचं 'जेसेंटर' हे भांडार बंद करण्याची घोषणा झाली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं तिथून लायब्ररी आणल्या त्यांना आपल्या फाइली बदलाव्या लागल्या.

परावलंबन वाईटच असतं, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. आमची पुस्तिका 'शोभिका' या टंकात लावली आहे. अभ्यासकांसाठी आयआयटी मुंबईच्या विज्ञान आणि वारसा उपक्रमातून हा टंक निघाला. त्याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या टंकावर उभी आहे, आणि रोमन अक्षरं पॅराटाइपच्या 'पीटी सेरिफ' या टंकावर. दोन्ही टंक मुक्त परवान्याचे होते म्हणून तिसरा उभा राहिला, आणि त्याच्यावर आमची पुस्तिका. दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहायला हरकत नाही. कोणाच्या खांद्यावर उभे आहोत, हे लिहून ठेवलेलं असावं, आणि तो खांदा घरात जपून ठेवता यावा.

मग निवडायचं कसं?

मागच्या वर्षी मालेगाव तालुक्यातल्या तीन मुली आमच्याकडे आल्या होत्या. बचत गटाच्या हिशेबाचं एक अ‍ॅप त्या करत होत्या. कुठल्या तरी व्हिडिओत बेझलची स्तुती ऐकून आल्या होत्या. त्यांना आम्ही जे प्रश्न विचारले तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न, तुमच्या भाषेतले बाकीचे लोक काय वापरतात? अँड्रॉइडसाठी ग्रेडल हाच राजमार्ग आहे. अडचण आली तर उत्तर देणारी माणसं त्याच रस्त्यावर भेटतात. आडवाटेने जायचं तर तसंच सबळ कारण हवं.

दुसरा, तुमच्यानंतर हे कोण चालवणार? त्यांचं अ‍ॅप एकीच्याच लॅपटॉपवर बांधलं जात होतं. आम्ही म्हटलं, बाई, उद्या हिला नोकरी लागली, लग्न झालं, ही नागपूरला गेली, तर गटातल्या बायकांच्या पैशांचा हिशेब कोण दुरुस्त करणार? कोऱ्या लॅपटॉपवर एका आज्ञेत बांधता आलं पाहिजे. ग्रेडलमध्ये यासाठी 'रॅपर' नावाची सोय आहे. प्रकल्पाला ग्रेडलची कोणती आवृत्ती लागते हे प्रकल्पासोबतच लिहिलेलं राहतं, आणि नव्या संगणकावर तीच आवृत्ती आणली जाते. म्हणजे एक निमित्त कारण तरी नोंदीत आलं.

तिसरा, आवृत्त्या पक्क्या केल्या आहेत का? "जी नवीन असेल ती घे" असं लिहून ठेवलं तर आजचं बांधकाम आणि सहा महिन्यांनंतरचं बांधकाम एक राहत नाही. एनपीएममध्ये यासाठी लॉक फाइल असते. ती फेकून देऊ नये, सोर्ससोबत जपावी.

चौथा, नेट नसेल तर काय? हा प्रश्न पुण्या-मुंबईचे व्हिडिओ विचारत नाहीत. खेड्यात मोबाइलच्या डेटावर काम चालतं. ग्रेडल आणि मेवन दोन्हींना एकदा सगळं उतरवून घेतल्यावर नेटशिवाय काम करायला सांगता येतं. हे आधीच करून बघावं, लाइट आणि रेंज गेल्यावर नव्हे.

पाचवा, तुमच्या कामात कार्यकारणाचा आकार कसा आहे? हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

बहुतेक बिल्ड टूल्स एक गोष्ट गृहीत धरतात. कारणांच्या साखळीत फेरा नाही. अ वर ब अवलंबून, आणि ब वर अ, असं असेल तर न्यायशास्त्रात त्याला अन्योन्याश्रय म्हणतात. तीन-चार कड्यांनंतर साखळी मूळ जागी आली तर चक्रक. मेकला असा फेरा सापडला की ते तक्रार करून ती कडी सोडून देतं. बहुतेक वेळा ते योग्यच आहे, कारण फेरा हा रचनेतला दोष असतो.

पण पुस्तकात खरोखरचा फेरा असतो. अनुक्रमणिकेत पानांचे आकडे हवेत, म्हणून ती पानांवर अवलंबून. आणि अनुक्रमणिका किती पानं खाते त्यावर पुढच्या पानांचे आकडे अवलंबून. झालं अन्योन्याश्रय! यावर लाटेकची तोड साधी आहे. पहिल्या फेरीत आकडे एका फाइलीत टिपून ठेवायचे, दुसऱ्या फेरीत ते वाचायचे, आणि आकडे बदलायचे थांबेपर्यंत पुन्हा चालवायचं. किती फेऱ्या लागतील हे आधी सांगता येत नाही. साध्या मेकला हे नीट सांगणं अवघड. म्हणून 'लाटेकएमके' नावाचं वेगळं साधन आहे. ते आकडे स्थिर होईपर्यंत फेऱ्या मारतं.

तेव्हा आमच्या पुस्तिकेसाठी आम्ही काय निवडलं? बारा ओळींची एक मेक फाइल. पॅनडॉकची पायरी तिच्यात, आणि शेवटची पायरी तिने लाटेकएमकेवर सोपवलेली. शोभिकाची प्रत त्याच फोल्डरमध्ये. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी 'नाही' जागेवर होता. आणि त्या मुलींनी ग्रेडलच घेतलं. तिघींच्या तीन लॅपटॉपवर बांधून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं आपसात ठरवलं.

शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं आहे, "सर, लहान प्रकल्पाला हे सगळं हवं कशाला? चार आज्ञा कागदावर लिहून ठेवल्या तर?" चांगला प्रश्न आहे. आमचं उत्तर, जरूर लिहा. काहीच नसण्यापेक्षा तो कागद लाखमोलाचा. पण कागद वाचणारा माणूस कंटाळतो, आणि मधली पायरी गाळतो. आम्ही तर्कशास्त्राचे प्राध्यापक असून गाळली. मेक फाइल म्हणजे तोच कागद, फक्त कंटाळा न करणाऱ्याच्या हाती दिलेला. घरी गेल्यावर एकच करा. तुमचा चालू प्रकल्प दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर उतरवा आणि एका आज्ञेत बांधता येतो का ते बघा. जिथे अडेल तिथे तुमचं एखादं कारण लिहायचं राहिलेलं सापडेल. साधनाची निवड त्यानंतर करा, सोपी जाईल.